मळणी यंत्राची तर्कशुद्ध निवड

३ ऑगस्ट १९८६, रविवार. नेरूळ.

वैजयंतीने आज चहाच्या वेळी दोन विधाने केली. एक, तिचे उजवे मनगट दुखते. दोन, पावाचे पीठ मळायला मशीन पाहिजे. दोहोंच्या मध्ये तिने ‘म्हणून’ हा शब्द घातला. पहिल्यापासून दुसरे निष्पन्न होत नाही, हे मी तिला शांतपणे दाखवून दिले. दुखणे ही खासगी संवेदना आहे. ती दुसऱ्यापुढे ठेवता येत नाही आणि जे पुढे ठेवता येत नाही ते खरेदीचे कारण होऊ शकत नाही. कुठे दुखते ते दाखव, असे मी म्हटले. तिने मनगट पुढे केले. ते नेहमीसारखेच दिसत होते.

पुढे स्मृतीने दगा देऊ नये म्हणून पार्श्वभूमी नोंदवतो. वैजयंती, माझी पत्नी, महिला मंडळाच्या वर्गात ब्रेड करायला शिकली. मी त्या वर्गाच्या विरोधात होतो. तिचे पाव आता आमच्या आणि शेजारच्या इमारतीत जातात. तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या कँटीनने तिला निरोप धाडला आहे की दसरा झाला की एक दिवस नमुन्याचे पाव पाठवा, कामगारांना आवडले तर काम रोजचे. तिला हे काम हवे आहे. एरवी ती मला कोणतीही गोष्ट एकदाच सांगते. ही तिने दोनदा सांगितली.

कँटीनच्या अभिरुचीशी मला कर्तव्य नाही. परंतु यंत्र निवडणे हा बुद्धीचा प्रश्न आहे आणि या घरात बुद्धीचे प्रश्न माझ्याकडे येतात. तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले ते काही उगाच नव्हे.

संकल्प : दसऱ्यापूर्वी निर्णय. निर्णय निर्दोष असेल.

५ ऑगस्ट

दोन दिवसांच्या विलंबाला कारण वरच्या मजल्यावरचा नंदकुमार. हा गृहस्थ मस्कतला नोकरी करून परत आला आणि सोसायटीचा सेक्रेटरी झाला. दोन्ही गोष्टी त्याने कोणालाही न विचारता केल्या. येताना त्याने एक स्टँड मिक्सर आणला आहे. खाली बैठक, वर झुकलेली मान, तिच्याखाली वाडगे आणि वाडग्यात फिरणारा लोखंडी आकडा. त्याची बायको नंदिनी हिने वैजयंतीला जिन्यात गाठून सांगितले की काकू, मशीन नुसतं पडून आहे, पीठ घेऊन वर या.

मी नकार कळवला. शेजाऱ्याचे यंत्र वापरणे म्हणजे शेजाऱ्याचा जीवनविषयक दृष्टिकोन मान्य करणे.

वैजयंती म्हणाली, तिला फक्त पीठ मळायचे होते.

९ ऑगस्ट

आज संज्ञेचा प्रश्न निकाली काढला. संज्ञा चुकली की पुढचे सगळे चुकते.

‘मिक्सर’ हा शब्द हेत्वाभासाचे उत्तम उदाहरण आहे. मिश्रण म्हणजे भिन्न पदार्थ एकत्र करणे. ब्रेडमध्ये मैदा, पाणी आणि यीस्ट पहिल्या दोन मिनिटांत एकत्र होतात. मिश्रण तेथेच संपते. त्यापुढे जे होते ते मळणे. म्हणजे लोक ज्यास मिक्सर म्हणतात ते मिक्सर नसते आणि ज्याची आम्हांस गरज आहे त्यास नावच नाही. ते मी दिले. मळणे या क्रियेवरून मळणी. मळणी करणारे ते मळणी यंत्र.

शेतकरी धान्याच्या बाबतीत हाच शब्द वापरतात हे मला माहीत आहे. पण जेथे शेत नाही तेथे संदिग्धताही नाही. नेरूळमध्ये आता शेत उरलेले नाही. सबब शब्दाला दुसरा अर्थही उरलेला नाही.

वैजयंतीला हे ऐकवले. ती साताऱ्याकडची, शेतीवाडीच्या घरातली. ती हसली. मौन हे संमतीचे लक्षण मानतात, तर हास्य हे त्याहून वरच्या प्रतीच्या संमतीचे मानले पाहिजे. नंतर ती म्हणाली, हा शब्द बाहेर कुणाजवळ काढू नका. शब्द चोरीला जाईल ही तिची भीती मला स्पर्शून गेली.

१६ ऑगस्ट

यंत्राचे निकष ठरवले. ते मळणारे असावे, मिसळणारे नव्हे. स्वतःच्या पायांवर उभे राहावे. विजेच्या लहरीवर अवलंबून नसावे, कारण आमच्याकडे वीज ही पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यासारखीच न सांगता जाते. आवाज बेताचा. आणि नंदकुमारकडे आहे तसे नसावे. हा शेवटचा निकष इतरांहून स्वतंत्र आहे, त्याला समर्थनाची गरज नाही.

वैजयंतीने निकष वाचले आणि विचारले की असे मशीन असते का. मी म्हणालो, असणे हा पुढचा प्रश्न.

२३ ऑगस्ट, शनिवार

वाशीला दुकानात गेलो. विक्रेता माझ्या शिकवण्याच्या काळातील मागच्या बाकावरच्या मुलांसारखा दिसत होता. त्याने एक यंत्र काढून सांगितले की हे दळते, वाटते, किसते, घुसळते आणि मळतेही. जे सर्व काही करते ते काहीच सिद्ध करत नाही, असे मी म्हटले. त्याने थंड पेय मागवले.

मी मळण्याचे प्रात्यक्षिक मागितले. घरून नेलेला गोळा पिशवीतून काढून स्वतः भांड्यात टाकला. त्याचे म्हणणे होते की एवढा घट्ट आणि एवढा मोठा नको. मी म्हणालो, सोप्या उदाहरणाने परीक्षा होत नाही. यंत्राने एक स्वर काढला, मग थांबले आणि त्यातून धूर येऊ लागला.

जेथे धूर तेथे अग्नी. हे मी आयुष्यभर फळ्यावर पर्वत काढून शिकवले. प्रत्यक्ष उदाहरण आज प्रथमच पाहिले. मी ते विक्रेत्याच्या निदर्शनास आणून देत असताना त्याने माझ्या हातातील पेयाची बाटली काढून घेतली आणि थंडपणे विचारले :

“साहेब, तुम्हाला घ्यायचंय की बोलायचंय?”

प्रश्नाची रचना सदोष होती. दोन्ही पर्याय परस्परांना वगळत नाहीत. हे समजावून सांगितल्यावर निघालो. गोळा परत मिळाला नाही.

३० ऑगस्ट

दादरला एक, ठाण्याला एक. दोन्ही दुकाने अपात्र. ठाण्याच्या माणसाने मी प्रश्न विचारायच्या आतच दुकान जेवणासाठी बंद केले. माझी कीर्ती पुढे गेली असावी.

१० सप्टेंबर

मनगट अजून दुखते असे वैजयंतीचे म्हणणे. ती त्यावर हळदीचा लेप लावते. लेप दिसतो. दुखणे नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज गंभीर घटना. वैजयंती विरजणाचा बहाणा करून वर गेली. वाटी नेली होती, पण वाटीवर परात झाकली होती. हा क्रम उलटा असायला हवा. बराच वेळ वरून घरघर ऐकू येत होती. ती खाली आली तेव्हा परातीत गोळा होता आणि तो रेशमासारखा होता. बोटाने दाबला की परत वर येत होता. विरजण नव्हते.

मी विचारले. ती म्हणाली, विरजण विसरले.

रात्री जेवताना पाव उत्तम झाला होता. मी दुसरा घेतला तो केवळ तुलनेसाठी.

१५ सप्टेंबर

जिन्यात नंदकुमार भेटला. तो मला ‘सर’ म्हणतो आणि त्या शब्दाचे तीन तुकडे करतो. म्हणाला, “सर, काकूंना रोज पाठवा वर. टेन्शन घेऊ नका. मशीन आपलंच समजा.”

‘आपलंच’ या सर्वनामात मी कोठे बसतो हे त्याने स्पष्ट केले नाही. मी त्याला कळवले की आमच्याकडे लवकरच त्याहून सरस यंत्र येत आहे. तो म्हणाला, कुठलं? मी म्हणालो, मळणी यंत्र. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. वरून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. निरुत्तर झालेली माणसे हसतात.

वैजयंतीस वर जाण्यास पूर्ण मनाई. तिने विचारले की मग कँटीनचे पाव कसे होणार. मी तिला शब्द दिला की त्या दिवशी मळणी घरच्या यंत्रावर होईल. हा शब्द मी पाळणार आहे.

२७ सप्टेंबर

शोध संपला.

सोसायटीच्या कुंपणाची भिंत पावसात पडली. तिच्यासाठी वाळू घेऊन जवळच्या शिरवणे गावचा गोटीराम आला होता. हा पूर्वीचा शेतकरी; जमीन सरकारात गेल्यापासून वाळू, विटा, टेंपो असा त्याचा पसारा आहे. मोठ्याने बोलतो आणि वाळू कमी देतो, असा माझा संशय आहे. तरीही त्याच्या ओळखी चहूकडे आहेत, म्हणून मी सहज विचारले की कोठे मळणी यंत्र मिळेल का.

त्याने हातातले फावडे खाली ठेवले. म्हणाला, “मळनी? हाय ना आपल्याकडं. पडवीत पडून हाय.”

पुढील संवाद मुद्देसूद झाला. अशिक्षित माणसाकडून इतकी नेमकी उत्तरे मला अपेक्षित नव्हती. वीज किती लागते? लागतच नाही, पायाने चालते. उभे कशावर राहते? लाकडी स्टँड हाय, चार पायांचा. आकडा असतो का? त्यावर तो हसला आणि म्हणाला, एक नाय मास्तर, चौफेर आकडंच आकडं. बनावट कोणती? जपानी पद्धतीचं. आणि आणखी एक गोष्ट त्याने आपणहून सांगितली, की कोंडा आपोआप वेगळा पडतो. म्हणजे मळणे आणि चाळणे एकाच यंत्रात! नंदकुमारच्या यंत्रास एक आकडा आहे आणि कोंड्याचे त्यास भानही नाही.

मग त्याने विचारले, तुमची जमीन हाय का? मी म्हणालो, फ्लॅट स्वतःचा आहे, तळमजला, फरशी मोझॅइकची आणि उतार अजिबात नाही. कुठं वापरनार, असे त्याने मग विचारले. घरी, रोज सकाळी, मी म्हणालो. तेव्हा त्याचा चेहरा बदलला.

“बापानं घेतलेली हाय,” तो म्हणाला. “कुनाला द्यायची नवती. पन तुमी वापरनार असाल तर न्या. बंद नका ठेवू, मास्तर.”

मोबदल्याचे त्याने नाव काढले नाही. संशयास्पद. पण यंत्राच्या गुणांवर त्याने परिणाम होत नाही.

२८ सप्टेंबर

वैजयंतीला फक्त एवढेच सांगितले की यंत्र ठरले, दसऱ्याला येईल, पायाने चालते आणि जपानी आहे. तिने संशयाने विचारले की पायाने चालणारे ते शिलाई मशीन तर नव्हे ना. स्त्रियांच्या कल्पनेला मर्यादा असतात.

४ ऑक्टोबर

नंदिनी दारात. कँटीनच्या दिवशी मशीन काकूंसाठी मोकळे ठेवू का, असे विचारायला आली होती. मी दारातूनच आभार मानले आणि दार लावले. वैजयंती स्वयंपाकघरातून पाहत होती. तिच्या नजरेत अभिमान असावा. चष्मा नसल्याने खात्री नाही.

दसरा

यंत्र आले.

सकाळी गोटीरामचा टेंपो फाटकात थांबला. त्यात झेंडूच्या माळा घातलेली एक मोठी लाकडी वस्तू दोरीने बांधलेली होती. चौघांनी ती उतरवून आवारात ठेवली. लाकडी चौकट, तिच्यामध्ये पिंपाएवढा आडवा लाटा, म्हणजे लाकडी दंडगोल, आणि लाट्यावर तारेचे वाकवलेले शेकडो आकडे. गोटीरामने पायटा, म्हणजे पायाखालची फळी, दाबला. लाटा फिरू लागला. आधी खुळखुळ, मग घुर्र, मग नुसता वारा. गोटीराम पाय चालवतच राहिला, मान खाली घालून, जणू काही ऐकतो आहे. त्याला थांबवावे लागले.

आकार माझ्या अपेक्षेपेक्षा काहीसा जास्त आहे. हे मान्य केले पाहिजे. गॅलऱ्या भरल्या होत्या. नंदकुमार वरून म्हणाला, “सर, भात कुठे लावलाय? गच्चीवर?” मी वर पाहिले नाही.

वैजयंती हळदकुंकवाचे तबक घेऊन बाहेर आली. आली आणि जागीच उभी राहिली. यंत्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, गोटीरामकडे पाहिले. मग पुढे होऊन तिने लाट्याला हळदकुंकू वाहिले, गोटीरामला सोने दिले, त्याला घरात बसवून श्रीखंडपुरी वाढली आणि वडिलांची चौकशी केली. वडील गेले त्याला बरीच वर्षे झाली. शेवटच्या हंगामात मळणी झाली ती यावरच, असे तो म्हणाला. एवढे बोलून तो पुरी न खाता बसून राहिला, तेव्हा वैजयंतीने त्याला आणखी श्रीखंड घातले.

तो गेल्यावर तिने स्वयंपाकघराचे दार आतून लावले. बराच वेळ हुंदक्यांसारखा आवाज येत होता. आनंदाश्रू.

बाहेर आल्यावर डोळे पुसत म्हणाली, “अहो, याच्यात भात मळतात.”

मी म्हणालो, मळतात ना? मग झाले.

दसऱ्याचा दुसरा दिवस

नंदकुमारची सोसायटीच्या शिक्क्याची नोटीस : आवारातून शेतीची अवजारे हटवावीत. मी उत्तरात अवजाराची व्याख्या मागितली.

विचारांती माझी भूमिका अशी. हे यंत्र भातासाठी बनवले होते, हे मान्य. पण उगम हे प्रयोजन नव्हे. तत्त्व एकच : पदार्थ धरायचा, आकडे फिरवायचे, पदार्थ मळला जातो. भाताची पेंढी धरतात तसा मैद्याचा गोळा धरायचा. शब्द एक, क्रिया एक, म्हणून यंत्रही एक. यात त्रुटी शोधण्याचा मी दुपारभर प्रामाणिक प्रयत्न केला. सापडली नाही.

वैजयंती म्हणाली, उद्या पहाटे मी पीठ घेऊन वर जाईन आणि तुमचा काय तो वाद परवा बघू. मी तिला दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. तिने मनगटाला कापडी पट्टी घट्ट आवळली.

१५ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ.

आज कँटीनचा दिवस. पाव दुपारच्या जेवणाआधी तुर्भ्याला पोचायला हवेत. वैजयंतीने मैदा भिजवून परातीत ठेवला आणि आंघोळीला गेली. तिच्या आंघोळीला लागणारा वेळ मला ठाऊक आहे. बाहेर पडेल तेव्हा पीठ मळून तयार असेल. पुढे काही सांगण्याची गरजच राहणार नाही.

त्याच दिवशी. दुपार.

वस्तुस्थिती भावनेला स्थान न देता नोंदवतो.

परात घेऊन आवारात गेलो. पायटा दाबला, लाट्याने वेग घेतला. गोळा दोन्ही हातांनी पेंढीसारखा धरला आणि आकड्यांना लावला. गोळ्याचे वितरण झाले. त्याचा काही भाग सोसायटीच्या नव्या भिंतीवर गेला, काही नंदकुमारच्या धुतलेल्या पांढऱ्या गाडीवर, काही वाळत घातलेल्या त्याच्या सफारीवर. बराचसा भाग माझ्याकडे परत आला. चष्मा पूर्णतः आच्छादला गेल्याने पुढील निरीक्षण करता आले नाही. कोंडा वेगळा पडला की नाही हे सांगता येत नाही.

गॅलऱ्यांतून कोणी काही बोलले नाही. हे मला नंदकुमारच्या हसण्यापेक्षा अधिक खटकले.

वैजयंती ओल्या केसांनी बाहेर आली. तिने रिकामी परात उचलली. माझ्याकडे न पाहता ती सरळ जिना चढून वर गेली, नंदिनीकडे. मी तिला अडवले नाही. मला ती दिसत नव्हती. ती लगेच खाली आली. वीज गेली होती.

विजेवरचा माझा निकष योग्य ठरला. हे तिच्या कानावर घालण्याचा विचार मनात आला, पण योग्य क्षण सापडेना.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. मनगटाची पट्टी सोडली. मनगट सुजले होते, अंगठ्याच्या बाजूला लाल झाले होते. ते आज दिसत होते. कदाचित आधीही दिसले असते. चष्म्याचा नंबर बदलून घेतला पाहिजे.

“मैदा आणखी एका वेळचा आहे,” ती म्हणाली. “माझा हात उठत नाही. हात धुऊन या.”

मी काही विचारणार होतो.

“कोपरापर्यंत धुवा.”

ओट्यापुढे उभा राहिलो. ती बाजूला स्टुलावर बसून सांगत होती. ढकला. दुमडा. फिरवा. तीन आज्ञा, कारण एकाचेही नाही. मी प्रत्येकीमागचे तत्त्व विचारले. ती म्हणाली, तर्कानं पीठ फुगत नाही, ढकला. सुरुवातीला गोळा चिकट आणि असहकारी होता. मी त्याला ढकलले, तो बोटांना धरून परत आला. अशा प्रतिपक्षाशी माझा पूर्वी संबंध आलेला नाही. त्याच्यावर कोणताही युक्तिवाद चालत नाही, फक्त वजन चालते. मग केव्हातरी, मी नंदकुमारचा विचार करत असताना, तो एकाएकी मऊ झाला. वैजयंतीने बोट दाबले. खड्डा हळूहळू वर आला.

ती एवढेच म्हणाली, “बस.”

पाव गॅसवरच्या पत्र्याच्या भट्टीत भाजले. गोटीराम टेंपोतून तुर्भ्याला घेऊन गेला. यंत्राकडे पाहून त्याने विचारले की चालवलं का. मी म्हणालो, चालवले. त्याने भिंतीवरचे पीठ पाहिले. जाताना पायट्यावर एकदा पाय ठेवून लाटा फिरवला.

१६ ऑक्टोबर

कँटीनचा निरोप : पाव संपले, उरले नाहीत, सोमवारपासून रोज.

निष्कर्ष स्पष्ट आहे. मळणी घरीच झाली पाहिजे हा माझा आग्रह प्रथमपासून योग्य होता. शब्द पाळला गेला.

१७ ऑक्टोबर

सफारीच्या धुलाईबाबत नंदकुमारशी बोलणे. तो ‘सर’ न म्हणता बोलला. नंदिनी मात्र जिन्यात म्हणाली, काका, तुमचा पाव मस्त झाला. तिला वाटते पाव मी केला. गैरसमज दूर करण्याची घाई नाही.

यंत्रनिवडीचे काम नव्याने हाती घेणार. घाईचा निर्णय नको. तोपर्यंत तात्पुरती व्यवस्था म्हणून सकाळचे मळणे माझ्याकडे आहे.

२६ ऑक्टोबर

तात्पुरती व्यवस्था चालू. वैजयंतीने ओट्यापाशी माझ्यासाठी पाट ठेवला आहे, उंची बरोबर यावी म्हणून. मळणी यंत्र जिन्याखाली नेऊन ठेवले. त्याच्या चौकटीवर ती पावाची ताटे गार करायला ठेवते.

१ नोव्हेंबर

दिवाळीचे पाव. वेळ नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

कँटीनचा व्यवस्थापक सुधीर घरी आला होता. नम्र तरुण, तर्क कच्चा. पावांची संख्या वाढवता येईल का, असे त्याला विचारायचे होते. मी आत ओट्यापाशी होतो. हात पिठात असल्याने बाहेर जाणे शक्य नव्हते. त्याने वैजयंतीला विचारले की एवढे पीठ रोज मळता तरी कसे, मशीन कुठले आहे.

मी मळणे थांबवून ऐकले. कारण या प्रश्नावर माझ्याशिवाय कोणाचा अभ्यास नाही.

वैजयंती म्हणाली, “जुनंच आहे. सुरू व्हायला वेळ लागतो, आवाजही फार करतं. पण एकदा लागलं की मळतं चांगलं. वीज गेली तरी चालतं.”

सुधीर म्हणाला, असं मशीन हल्ली मिळत नाही, काकू, जपून वापरा. ती म्हणाली, जपतेच.

वर्णनावरून यंत्राची ओळख पटली नाही. जिन्याखालचे ते नव्हे, ते बंद आहे. वरचे नंदकुमारचे ते नव्हे, ते विजेवर चालते. आणि तिसरे यंत्र या घरात नाही. तपास करावा लागेल.

पण उद्या. आज उजवे मनगट दुखते आहे. वैजयंतीने विचारले, कुठे दुखते ते दाखवा. मी पुढे केले. काही दिसत नव्हते. तिने काही न विचारता हळदीचा लेप लावला.